मंडळाचा, सोसायटीचा, वाचनालयाचा स्वतःचा सर्व्हर: नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

नाशिक शहर, नाशिक रोड, सिडको, सातपूर आणि दिंडोरी-निफाडकडच्या गटांकडून सर्व्हरच्या कामात मदत करणाऱ्या आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून किचकटापर्यंत लावले आहेत. सगळी उत्तरं सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्हाला स्वतःचा सर्व्हर खरंच लागतो का?

सर्व्हर म्हणजे कायम चालू राहून सगळ्यांना फायली आणि सेवा पुरवणारा संगणक. तो फक्त सूचना आणि गप्पांसाठी असेल तर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर भागतंय ते तिथेच राहू द्या. सर्व्हर लागतो तो साठा टिकवायला: वाचनालयाची स्कॅन केलेली जुनी दप्तरं, ढोलपथकाचे दहा वर्षांचे फोटो, सोसायटीचे नकाशे आणि ठराव. हे सगळं कोणाच्या तरी वैयक्तिक ड्राइव्हमध्ये असतं आणि कार्यकारिणी बदलली की हरवतं. दुसरी गरज इंटरनेट तुटक असलेल्या ठिकाणची. पेठ-सुरगाण्याकडच्या शाळेत एका छोट्या संगणकावर किविक्स (विकिपीडिया साठवून वाचायचं सॉफ्टवेअर) टाकलं, तर मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वर्गातल्या वायफायवर चालतो.

अट एकच. महिन्यातून दोन तास देणारी दोन माणसं हवीत. एकावर भागवू नका. त्याची बदली झाली की सर्व्हर अनाथ होतो.

२. तुम्ही कोणती मदत करता आणि कशाला नाही म्हणता?

यंत्र निवडणं, बसवणं, नेटवर्क जोडणं, बॅकअप लावणं, बिघाड शोधणं, या सगळ्याला हो. तुमचा मुख्य पासवर्ड आमच्याकडे ठेवणं, डोमेन (संकेतस्थळाचा नावाचा पत्ता) आमच्या नावावर घेणं किंवा तुमचा सर्व्हर आमच्या घरी ठेवणं, याला नाही. मदत करणारा गायब झाला तरी तुमचं काम अडता कामा नये. म्हणून दुरुस्ती करतानाही कीबोर्ड तुमच्याच माणसाच्या हातात असावा असा आग्रह असतो. वेळ जास्त जातो, पण पुढच्या वेळी तोच बिघाड तुम्हीच काढता.

३. कोणता संगणक घ्यावा? घरातला जुना डेस्कटॉप चालेल का?

शिकायला चालेल. कायमसाठी ऑफिसांतून निघालेला वापरलेला मिनी पीसी सर्वांत बरा: सहाव्या पिढीपासून पुढचा आय-५, ८ जीबी रॅम (जमल्यास १६), २५६ जीबी एसएसडी सिस्टिमला आणि फायलींसाठी वेगळी डिस्क.

फरक वीजबिलात दिसतो. मिनी पीसी सरासरी १५ वॉट खात असेल तर महिन्याला साधारण ११ युनिट होतात. जुना डेस्कटॉप ६५ वॉटवर चालला तर ४७ युनिट.

रास्पबेरी पाय हलक्या कामाला ठीक आहे, पण मेमरी कार्डवर डेटाबेस ठेवू नका. सतत लिहिल्याने कार्ड झिजतं, आणि लिहिता लिहिता वीज गेली की फाइलसिस्टिम बिघडते. एसएसडी लावा. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपियरचा चार्जर लागतो. मोबाइलचा चार्जर लावला की यूएसबी डिस्क मधूनच गायब होते आणि दोष डिस्कला दिला जातो.

४. लाइट गेल्यावर काय? यूपीएस किती मोठा हवा?

नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. त्यातली निम्मीच वापरण्याजोगी धरा, शिवाय रूपांतरात काही जाते. मिनी पीसी आणि राउटर मिळून २५ वॉट असतील तर नवीन बॅटरीवर साधारण एक तास मिळेल. दोन-तीन वर्षांनी तोच यूपीएस दहा मिनिटांवर येतो. महावितरणच्या देखभालीच्या शटडाऊनला तो पुरत नाही.

सोसायटीच्या ऑफिसात इन्व्हर्टर असेल तर सर्व्हर त्यावर घ्या, पण मागचं बटण 'यूपीएस' मोडवर असल्याची खात्री करा. साध्या मोडमध्ये बदल इतका सावकाश होतो की संगणक रीस्टार्ट होतो. आणखी तीन गोष्टी:

- राउटर आणि फायबरचा ओएनटीही (केबल जिथे येऊन जोडते तो डबा) बॅकअपवर घ्या. सर्व्हर चालू आणि राउटर बंद, ही तक्रार फार येते.
- यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर 'नट' हे सॉफ्टवेअर लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद होतो.
- बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर चालू हो' हा पर्याय लावा. नाहीतर रात्री दोनला लाइट आली तरी सकाळी कोणी बटण दाबेपर्यंत सगळं बंद.

५. सर्व्हर ठेवायचा कुठे?

गोदाकाठी असाल तर तळमजल्यावर नको. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजार भागात पाणी शिरलं होतं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेशी पाणी आल्यावर यंत्र हलवायची धावपळ करण्यापेक्षा ते आधीच पहिल्या मजल्यावर असू द्या.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागायतदार गटांसाठी वेगळी सूचना. भुरी रोगासाठी गंधक धुरळता त्या शेडमध्ये सर्व्हर ठेवू नका. गंधकाने तांब्या-चांदीचे संपर्कबिंदू काळे पडतात आणि मग रॅम किंवा लॅनचा जोड अधूनमधून सुटतो. असा बिघाड शोधायला सर्वांत त्रासदायक, कारण यंत्र हलवलं की तात्पुरतं चालतं.

पत्र्याखालची खोली एप्रिल-मेमध्ये टाळा. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल उघड्यावरून ओढू नका. वळवाच्या विजांत दोन्हीकडचे स्विच जातात. तिथे फायबर टाका.

६. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, तरी बाहेरून उघडत नाही.

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून आलेली विनंती राउटरने आतल्या सर्व्हरकडे पाठवणं. ते करूनही उघडत नसेल तर बहुतेक वेळा कारण सीजीनॅट असतं, म्हणजे इंटरनेटवाला एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो. ओळखायला राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा वेगळा असेल, तर तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडून उपयोग नाही.

उपाय, आमच्या पसंतीच्या क्रमाने:

स्थिर सार्वजनिक आयपी मागा. स्थानिक केबलवाले वेगळे पैसे घेऊन देतात. काम सरळ होतं.

तो मिळत नसेल तर बाहेर एक लहान भाड्याचा सर्व्हर घ्या आणि घरच्या सर्व्हरपासून तिथवर वायरगार्डचा बोगदा (दोन यंत्रांमधली कुलूपबंद जोडणी) काढा (यूडीपी पोर्ट ५१८२०). घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ कोणी वापरलं नाही की बाहेरून येणारी वाट बंद होते. लहान पानं उघडतात आणि फोटो मध्येच अडकतात असं झालं तर एमटीयू (एका वेळच्या डेटाच्या पाकिटाचा आकार) १४२० वरून १३८० किंवा थेट १२८० करून बघा.

क्लाउडफ्लेअर कंपनीचा बोगदा सर्वांत पटकन लागतो, पण वाहतूक त्यांच्या यंत्रणेत उलगडली जाते, म्हणजे त्यांना वाचता येते, आणि मोफत योजनेत एका अपलोड विनंतीला १०० एमबीची मर्यादा असते. जाहीर संकेतस्थळाला चालेल. सभासदांच्या कागदपत्रांना आम्ही सुचवत नाही.

नुसत्या आयपीव्ही६ वर (नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांवर) विसंबू नका. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांना साइट दिसणारच नाही.

७. बाहेरून मोबाइल डेटावर उघडतं, पण ऑफिसच्या वायफायवर उघडत नाही.

सर्व्हर ठीक आहे. आतून निघून बाहेरच्या पत्त्यावरून पुन्हा आत येण्याची सोय (हेअरपिन नॅट) पुष्कळ स्वस्त राउटरांत नसते. आतल्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत (पाय-होल हे सॉफ्टवेअर किंवा राउटरची स्वतःची सोय) तुमच्या डोमेनला सर्व्हरचा आतला पत्ता द्या. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल तर तो आतल्या डीएनएसला विचारतच नाही, हेही तपासा.

८. कुलुपाचं चिन्ह गेलं, 'असुरक्षित' दिसतंय.

कुलूप दिसतं ते प्रमाणपत्रामुळे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं आणि नेहमीच्या मांडणीत ३० दिवस उरले की आपोआप नवं होतं. ते झालं नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणीतरी 'सुरक्षेसाठी' पोर्ट ८० बंद केलेला असतो. साधी पडताळणी त्याच पोर्टवरून होते. पोर्ट उघडा, किंवा डीएनएसमधून पडताळणी लावा.

चिडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. त्याच नावांच्या संचाला आठवड्यात पाचच प्रमाणपत्रं मिळतात. चाचणी त्यांच्या स्टेजिंग (सरावाच्या) सर्व्हरवर करा. मुदत संपण्याची ईमेल सूचना त्यांनी जून २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे देखरेख तुम्हालाच लावावी लागते. अपटाइम कुमा हे देखरेखीचं सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे.

९. पासवर्ड बदलण्याचा मेल सभासदांना पोहोचत नाही.

घरगुती जोडणीवरून थेट मेल पाठवायच्या फंदात पडू नका. पोर्ट २५ बहुधा बंद असतो, आणि उघडा असला तरी घरगुती पत्त्यावर मोठे मेलवाले भरवसा ठेवत नाहीत. मेल पाठवणारी एखादी सेवा घ्या, पोर्ट ५८७ ने जोडा आणि डोमेनमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे दाखवणाऱ्या) तिन्ही नोंदी करा. एसपीएफची नोंद एकच असावी लागते. दोन सेवांसाठी दोन वेगळ्या ओळी टाकल्या की दोन्ही निकामी होतात. डिस्कोर्ससारख्या चर्चामंचात मेल चालल्याशिवाय नोंदणीच पूर्ण होत नाही, म्हणून हे काम आधी उरका.

१०. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

फायली आणि कॅलेंडरला नेक्स्टक्लाउड, चर्चेला डिस्कोर्स (२ जीबी रॅम त्याच्यासाठीच धरा), व्हिडिओ बैठकींना जित्सी. पहिल्या सहा महिन्यांत एकच चालवा. सगळं एकदम लावलेले सर्व्हर आमच्याकडे सर्वांत आधी दुरुस्तीला येतात.

११. मदत मागताना काय पाठवायचं?

"सर्व्हर चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. हे लिहा: काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं; कधीपासून; त्याआधी काय बदललं (अपडेट, राउटर, लाइट, नवीन सभासद); कोणती सिस्टिम, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती. लॉगमधली (सर्व्हर स्वतः लिहितो त्या नोंदींतली) चुकीची ओळ आणि तिच्या आधीच्या पन्नास ओळी मजकूर म्हणून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको, त्यातला मजकूर शोधता येत नाही. पासवर्ड आणि टोकन खोडून पाठवा. 'काही बदललं नाही' असं लिहिण्याआधी गटात एकदा विचारा.

१२. तुम्हाला आत यायला द्यायचं तर रूट पासवर्ड द्यावा लागेल का?

नाही. रूट म्हणजे सर्व अधिकार असलेलं खातं. त्याचा पासवर्ड कोणी मागितला तरी देऊ नका, आम्ही मागितला तरी. आधी स्क्रीन शेअर करून बघू. तेवढ्यावर भागलं नाही तर मदतनीसासाठी वेगळा वापरकर्ता काढा आणि त्याची एसएसएच (दुरून जोडणीची) सार्वजनिक चावी घाला. काम संपलं त्याच दिवशी तो वापरकर्ता काढून टाका. सभासदांचे फोन नंबर, आधारच्या प्रती असा मजकूर त्यात असेल तर आधी सांगा, म्हणजे त्या फोल्डरला हात लागणार नाही अशी मांडणी करता येते.

१३. सगळं बंद आहे. पहिल्यांदा काय बघू?

खालून वर जा. यंत्राचा दिवा लागलाय का? लॅन पोर्टचा दिवा? त्याच वायफायवरून सर्व्हरच्या आतल्या पत्त्याला पिंग (जिवंत आहे का हे विचारणारा संदेश) जातो का? तो जात असेल तर यंत्र जिवंत आहे. आतून सेवाही उघडत असेल तर अडचण राउटर, डीएनएस किंवा प्रमाणपत्रात आहे (प्रश्न ६ ते ८). पिंग जातो पण आतल्या पत्त्यावरही सेवा उघडत नाही, तर आधी डिस्क भरली का ते बघा (प्रश्न १४). या पायऱ्या होईपर्यंत रीस्टार्ट करू नका. कारण दाखवणाऱ्या खुणा कित्येकदा त्यातच पुसल्या जातात.

१४. डिस्क भरली, आता काहीच चालत नाही.

'डीएफ' आज्ञेने कोणतं विभाजन भरलंय ते पाहा. १०० टक्के दिसत नसेल तर इनोडही (फायलींच्या नोंदींसाठीच्या जागा) बघा. लाखो बारीक फायलींनी जागा असूनही डिस्क 'भरते'. नेहमीचे गुन्हेगार: डॉकर, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यांत, कंटेनरमध्ये, चालवणारी यंत्रणा, तिचे लॉग (मूळ मांडणीत त्यांना मर्यादाच नसते, ती तुम्ही घालायची), सिस्टिमचा जर्नल, नेक्स्टक्लाउडची कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या, मॅस्टोडॉन (समाजमाध्यमाचं सॉफ्टवेअर) असेल तर बाहेरून आलेल्या चित्रांचा साठा.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या फोल्डरमधलं 'पीजी-वॉल' मोठं दिसलं म्हणून तिथलं काही हाताने उडवू नका. तो लॉग नाही, डेटाबेसचाच भाग आहे. तो उडवला तर बॅकअपवरूनच परतावं लागतं.

मोठी फाइल काढूनही जागा वाढली नाही, तर कुठली तरी सेवा ती अजून धरून बसली आहे. तेवढी सेवा पुन्हा सुरू करा.

१५. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर रोज कॉपी होतो. पुरेसं आहे ना?

दोन कारणांनी नाही. चालू डेटाबेसच्या फायली तशाच कॉपी केल्या तर प्रत अर्धवट असू शकते. आधी डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत फायलीत) काढा, मग तो रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने साठवा. आणि दोन्ही डिस्क एकाच टेबलावर असतील तर पाणी, वीज किंवा चोर दोन्ही नेतो. पंचवटीतल्या सर्व्हरची एक प्रत इंदिरानगरात सभासदाच्या घरी असू द्या.

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवू नका. २०० जीबीला १० एमबीपीएस अपलोडवर सुमारे ४५ तास लागतात. डिस्क सर्व्हरला लावून पहिली प्रत घ्या, मग ती घरी न्या. पुढे फक्त रोजचे बदल जातात. रेस्टिकचा पासवर्ड सर्व्हरवरच ठेवला असेल तर सर्व्हर गेल्यावर बॅकअपही उघडणार नाही. तो कागदावर लिहून दोन पदाधिकाऱ्यांकडे द्या. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या यंत्रावर खरोखर उभारून पाहा. 'यशस्वी' असा मेल येतो म्हणजे प्रत चांगली आहे असं नव्हे.

१६. अपडेट केल्यावर बंद पडलं.

नेक्स्टक्लाउडमध्ये मुख्य आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही. एक-एक करत जावं लागतं. डॉकरमध्ये डेटाबेसपुढे 'लेटेस्ट' लिहिलं असेल तर एके दिवशी पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलते, जुना डेटा नव्याला वाचता येत नाही आणि कंटेनर सारखा चालू-बंद होत राहतो. डेटा गेलेला नसतो. जुना आवृत्तीक्रमांक लिहून सुरू करा, डंप काढा, नव्यात भरा. यापुढे क्रमांक नेहमी स्पष्ट लिहा.

१७. फायरवॉल चालू आहे, तरी डेटाबेसचा पोर्ट बाहेरून दिसतो. कसं?

डॉकर पोर्ट उघडताना आपले नियम यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या आधी घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यूने 'बंद' सांगूनही वाट मोकळी राहते. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (यंत्राचा स्वतःपुरता पत्ता) लिहा. त्याहून बरं म्हणजे डेटाबेसचा पोर्ट उघडूच नका. कंटेनर आपसात आतल्या नेटवर्कवर बोलू शकतात.

१८. जित्सीवर दोघं असताना चालतं, तिसरा आला की आवाज-चित्र बंद.

दोघांत जोडणी थेट होते. तिसरा आला की सगळं सर्व्हरच्या ब्रिजमधून जातं आणि त्याला यूडीपी १०००० लागतो. तो राउटर आणि फायरवॉल दोन्हीकडे उघडा. फक्त वेबची वाहतूक नेणाऱ्या बोगद्यातून हे जात नाही (प्रश्न ६).

१९. लाइट जाऊन आल्यावर दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड चुकीचे येतात.

कोड दर ३० सेकंदांनी घड्याळावरून बनतो. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळच नाही, आणि पाय ५ मध्ये असलं तरी त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. इंटरनेट उशिरा आलं की वेळ मागे राहते. 'टाइमडेटसीटीएल' ने वेळ तपासा. जुन्या मिनी पीसीत हेच होत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

२०. मराठी नावांच्या फायली अपलोड होत नाहीत, किंवा शोधूनही सापडत नाहीत.

तीन वेगळे आजार आहेत.

लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त…' अशी नावं इथेच अडकतात. तारीख आणि दोन शब्द पुरेत.

दुसरा आजार 'ऱ्या'चा. 'शेतकऱ्यांची यादी' मधला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता असाही, आणि काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना तिन्ही सारखे, सर्व्हरला वेगळे. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी (एकसारख्या प्रमाण) रूपात आणल्यावर एक होतात. तिसरा होत नाही, तो वेगळा बदलून घ्यावा लागतो. जुन्या मॅकवरून आलेल्या फायलींत हे जास्त दिसतं. फायलींची नावं बदलणारं 'कॉन्व्हएमव्ही' आधी नुसत्या चाचणीच्या रूपात चालवा, मग खरं नामांतर करा.

तिसरा, अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसणं. डेटाबेसमधलं टेबल लॅटिन-१ मध्ये (फक्त रोमन अक्षरांच्या पद्धतीत) बनलं असेल तर भरलेला मजकूर गेलेला आहे, परत येत नाही. टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये (सर्व लिप्यांच्या पद्धतीत) घेऊन बॅकअपवरून भरा. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर मात्र मजकूर शाबूत आहे, सर्व्हरवर देवनागरी फाँट नाही एवढंच. नोटो देवनागरी टाका.

२१. २०२७च्या सिंहस्थात सर्व्हरचं काय करावं?

पर्वणीच्या दिवशी पंचवटी-रामकुंड परिसरात मोबाइल डेटावर भिस्त ठेवू नका. राउटरची पर्यायी जोडणी सिमवर असेल तर ती नावापुरतीच राहील. स्वयंसेवकांच्या याद्या, नकाशे आणि दूरध्वनी क्रमांक सर्व्हरवरून आधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. निवासव्यवस्थेच्या जागी इंटरनेटशिवाय चालणारा वायफाय आणि त्यावर सर्व्हरची प्रत असेल तर उत्तम, पण त्याची तालीम महिनाभर आधी करा. त्या काळात रस्त्यांच्या कामांत केबल तुटण्याची शक्यता धरून फायबरच्या दोन जोडण्या वेगवेगळ्या बाजूंनी आणा. एकाच खांबावरून आलेल्या दोन कंपन्यांच्या केबल एकदमच तुटतात.

२२. सभासदांचा डेटा ठेवतो, तर कायद्याने काय बांधतं?

सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवणं आणि घुसखोरीसारख्या घटनेची माहिती सहा तासांत कळवणं सांगितलं आहे. वैयक्तिक माहितीसाठी २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. तुमच्या संस्थेला यातलं काय आणि किती लागू होतं ते वकिलाला विचारा, तो सल्ला आम्ही देत नाही. तांत्रिक बाजूने एवढंच: जी माहिती लागत नाही ती घेऊच नका. आधारची प्रत मागण्याचं कारण बहुतेक मंडळांकडे नसतंच.

२३. डोमेन माजी सचिवांच्या नावावर आहे आणि ते आता पुण्याला गेलेत.

ते फोन उचलत असतील तर आजच हलवा. रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून कुलूप काढायला आणि ट्रान्सफर कोड द्यायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात. खातं मंडळाच्या सामायिक ईमेलवर घ्या, पण तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की ते वाचवायचा मेलही तिथेच अडकतो.

ते संपर्कात नसतील तर रजिस्ट्रारला पावती आणि संस्थेचं नोंदणीपत्र पाठवून विचारा. नोंदणी व्यक्तीच्या नावे असेल तर बहुधा नकारच येतो. मग मुदत संपण्याची वाट न बघता दुसरं डोमेन घ्या आणि जुनं चालू आहे तोवर सभासदांना नवा पत्ता कळवा. नेक्स्टक्लाउड आणि डिस्कोर्सचं डोमेन नंतर बदलता येतं. मॅट्रिक्स या गप्पांच्या यंत्रणेच्या सिनॅप्स सर्व्हरचं नाव मात्र बदलता येत नाही, तिथे सगळी खाती नव्याने काढावी लागतात. मॅट्रिक्स लावणार असाल तर डोमेनच्या मालकीचा प्रश्न इन्स्टॉल करण्याआधीच मिटवून घ्या.